वगळलेले घोडे

छोटी : ‘घोडा’ लिहिलं तर शून्य, ताई. ‘घोडी’ शून्य, ‘शिंगरू’ शून्य. बाबांनी जन्मभर जनावरांची डॉक्टरकी केली, आणि नोंदींत एक घोडा नाही?

ताई : मला काय विचारतेस? तुझा तो काळा पडदा, तुझी ती कमांड. मी आपली टाइप करून देणारी.

छोटी : कमांड ठीक आहे. ती फाइलन्‌फाइल वाचते, कुठला शब्द कुठे आलाय ते टिपून ठेवते. म्हणून तर बाबांनी ‘पान्हा’ लिहिलं की सगळ्या गाई हजर होतात.

ताई : पाहिलं ना! ‘वा छोटे, कमाल केलीस!’ शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. त्या नोंदी टाइप करताना माझी मान धरली, तेव्हा नाही कोणी शेजारी आले.

छोटी : ताई, कुठल्या फाइली वाचायच्या नाहीत, त्या यादीत ‘घोडे’ कोणी लिहिलं?

ताई : तूच शिकवलंस ना, वगळायचं ते इथे लिही म्हणून.

छोटी : एवढं शिकवलं, त्यातलं नेमकं तेवढंच लक्षात राहिलं?

ताई : हस. तुला हसायला काय जातंय! आधी दिवसभर हाका असायच्या. ‘ताई, त्या लंगड्या घोडीचं कुठे गं?’ मी भांडी घासता घासता सांगायचे. आता नुसती टकटक ऐकू येते. म्हटलं, घोडे तरी माझ्याकडे राहू देत. अडले की मारतील हाक.

छोटी : मारली?

ताई : नाही.

छोटी : सकाळी मला हळूच म्हणाले, ‘घोड्यांवर लिहिल्याचं मला पक्कं आठवतंय, पण हे तर नाही म्हणतं. तुझ्या आजीसारखं माझंही सुरू झालं की काय?’ वर म्हणाले, ताईला बोलू नकोस, ती घाबरेल.

ताई : अगं बाई! असं म्हणाले?

छोटी : या नोंदींवरून पुस्तक लिहितायत ना, त्यातलं घोड्यांचं प्रकरणच काढून टाकतो म्हणाले.

ताई : सरक. सरक तिकडे. ही ओळ खोडली. आता?

छोटी : आता तीच कमांड पुन्हा दे, म्हणजे सगळं नव्यानं वाचेल. हां, एंटर. झालं. ‘घोडी’ लिहून बघ.

ताई : आल्या गं! पडदा भरून आल्या.

छोटी : मग झालं तर. मी सांगते बाबांना, माझंच काहीतरी चुकलं होतं, दुरुस्त केलं.

ताई : काही नको. म्हणजे पुन्हा तुझंच कौतुक!

छोटी : कमाल आहे तुझी! एरवी मी इतक्या लांबून फोन करते, तर ‘जेवलीस का’ विचारतात आणि ‘थांब, ताईला देतो’ म्हणतात. एकदा ‘वा’ म्हणाले, तेही सलतंय तुला?

ताई : सलतं. काय करू?

(ताई बाबांच्या खोलीत जाते. छोटी दारातच थांबते.)

ताई : बाबा, घोडे मी लपवले होते.

बाबा : लपवले?

ताई : मुद्दाम. कॉम्प्युटरला सापडू नयेत म्हणून. तुम्ही मला हाक मारावी म्हणून.

बाबा : म्हणजे... मी लिहिलं होतं?

ताई : पानंच्या पानं, बाबा. ती लंगडी घोडी, ते आंधळं शिंगरू...

बाबा : आंधळं नव्हतं. एका डोळ्यानं दिसायचं त्याला.

ताई : हो. एका डोळ्यानं.

बाबा : बघ, आठवतंय मला. चांगलं आठवतंय. ये, बस इथे. राहू दे तो कॉम्प्युटर, वहीतलं तूच वाच. आणि छोटे, जाताना दार लोटून घे गं.

छोटी : हो, बाबा.