खाडीच्या वाटेवरचं उभं गाव

ऐका रे. हळू सांगतो, मोठ्याने बोलवत नाही मला हे. आणि ए सुलभा, तो मोबाइल ठेव आधी. चकव्याची गोष्ट काय मोबाइल बघत ऐकायची असते?

वादळानंतरचा पाचवा दिवस. मी तेव्हा पनवेलला, आई इथे कुंडव्यात एकटी. पंच्याऐंशी वर्षांची बाई! फोन लागेना, कोणाचा निरोप येईना. आई आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. एक ताडपत्री आणि तिच्या गोळ्या घेतल्या नि निघालो.

एसटी फाट्यावरच थांबली. पुढे रस्ताच नाही, झाडंच झाडं आडवी. आठ वाजले असतील, मिट्ट काळोख. इब्राहिमचाचा आपल्या मोडक्या टपरीत बसलेले. म्हणाले, "दिगंबर, रात्र इथंच काढ. नायतर झाडं ओलांडत रस्त्यानं जा. पण खाडीच्या वाटंला जाव नको. ती वाट आता पयल्यासारखी नाय ऱ्हायली."

मी ऐकतोय होय! "चाचा, त्या वाटेने मी डोळे मिटून जाईन," म्हटलं. मस्ती हो, दुसरं काय. आपल्याकडे वाट कशी ओळखतात? झाडांवरून. उंडीच्या झाडापाशी वळायचं, सात माड ओलांडायचे, मग खाडीवरचा साकव, की आलीच आमची वाडी. ती झाडंच पडलीत हे डोक्यातच आलं नाही माझ्या. आता बोला!

बांधावर उतरलो. उंडी नाही. बॅटरीच्या उजेडात नुसत्या मुळ्या वर आलेल्या. पाय घसरतायत. रडू फुटलं मला. पन्नाशी उलटलेला बाप्या मी, पण रडलो. आपलं गाव असं आडवं पडलेलं बघवत नाही रे.

आणि ऐका, पुढे एक माड उभा दिसला!

सरळ. ताठ. नारळांनी लगडलेला. एक झावळी तुटलेली नाही. मग दुसरा. मग तिसरा. सात मोजले मी, सात! काय आनंद झाला म्हणून सांगू. आमच्या बाजूला काही झालंच नाही! पळत सुटलो. आता तुम्ही शहाणे विचाराल, अण्णा, सगळ्या खाडीवर झाड नाही आणि तिथेच सात कसे? अरे, मला विचारायचंच नव्हतं. कळलं का?

मग दिवे दिसले. अख्ख्या तालुक्यात वीज नव्हती, आणि आमच्या आळीत दिवे! शेजारच्या केतकरांच्या पडवीत रेडिओ लागलेला. कुठेतरी कुळथाच्या पिठल्याला फोडणी बसलेली, तो वास. मग आमचं घर. कौलं जागच्या जागी. मागे पोफळी उभ्या. आणि ओटीवर आई.

"दिगू, आलास? ये, आत ये."

पायरीवर पाय ठेवला. आणि थांबलो. का सांगू? रात्री परगावाहून आलो की आई मला दाराबाहेर उभं करायची. भाकरीचा तुकडा नि पाणी ओवाळून टाकायची, मगच आत. अंगात ताप असला तरी उठायची त्यासाठी. म्हटलं, "आई, तुकडा?"

"कशाला तो? दमलायस. ये, आत ये."

मी पुन्हा म्हटलं, "आई, तुकडा ओवाळ ना."

"कशाला तो? दमलायस. ये, आत ये." तोच सूर. तस्साच.

बॅटरी खाली मारली. पायरी कुठली! कमरेपर्यंत पाणी. भरतीचं, काळं, ओढ घेणारं. साकव कधीच वाहून गेलेला, आणि मी आपला खाडीत उतरलेलो! "आई सोमजाई!" म्हणून ग्रामदेवतेच्या नावाने ओरडलो. ताडपत्री सोडली. पाणी छातीला लागलं. एका पडलेल्या माडाची मुळं हाताला आली, तीच धरून ओढत गेलो स्वतःला. आणि मागून ती, आईच्याच आवाजात, रडत, "दिगू, जेवण निवतंय रे..."

वळलो नाही. वळलो असतो तर आज तुमच्यापुढे बसलो नसतो.

उरलेली रात्र बांधावर बसून काढली. उजाडल्यावर बघतो तर काठाला एक झाड उभं नाही. आमच्या घराच्या नुसत्या भिंती. आई सापडली शाळेत, सतरंजीवर. जिवंत! तिच्या गळ्यात पडून रडलो, आणि रात्रीचं सगळं सांगून टाकलं. तिथेच चुकलो बघा मी.

वाटलं, घाबरेल. घाबरली नाही. सगळं नीट ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, "दिगू, कौलं होती?"

"होती."

"आणि पोफळी?"

"उभ्या होत्या गं सगळ्या."

त्या रात्री मला जाग आली तर सतरंजी रिकामी. धावत बांधावर गेलो. आई पाण्याच्या अगदी काठाशी, पदर खोचून उभी. म्हणाली, "दिसतंय रे! सोड मला. देवापाशी दिवा लावून येते." उचलून आणली तिला. मुठींनी मारत होती मला, माझी आई!

म्हणून सांगतो, त्या वाटेला जायचं नाही. आता नवा साकव झालाय, तरी नाही. आणि ज्याचं घर गेलंय त्याला तिथे काय दिसतं ते कधी सांगायचं नाही. पुढे आई दोन वर्षं जगली. उरलेल्या भिंतींवर पत्रे टाकले नि बायकोला मी पनवेलहून इथे बोलावून घेतलं. रोज रात्री दाराला कुलूप घालायचो आणि किल्ली बायकोकडे द्यायचो. घर माझंही गेलं होतं रे, किल्ली माझ्याकडे ठेवायचा मला धीर नव्हता.