सुगनीचा प्रश्न

(मालेगावच्या अलीकडे, माळावर, राजस्थानातल्या घरांचा नमुना म्हणून बांधलेली मातीची एक खोली. मे महिन्यातली दुपार. लताबाई, त्यांची आर्किटेक्ट लेक संजना, आणि आठ महिन्यांच्या संघर्षला कडेवर घेतलेली सून स्नेहा.)

स्नेहा : पण ताई, पंखासुद्धा नाही?

संजना : मुद्दाम नाही लावला.

स्नेहा : तुम्ही म्हणालात, एक दुपार ये. मला वाटलं, निदान कूलर तरी असेल. याची मान बघा, घामोळ्याने नुसती लाल झालीय. नाशिकला आमच्या अंबडच्या फ्लॅटचा स्लॅब असा तापतो की रात्रीसुद्धा गादी गरम लागते.

संजना : म्हणूनच बोलावलं. बस तर आधी.

स्नेहा : आई, भिंतीला भेग आहे इथे.

संजना : भेग नाही ती, बाजरीचं सरमाड दिसतंय, वाळलेली ताटं. माती, शेण आणि सरमाड एकत्र तुडवून, मुरवून मग थर चढवलेत. सगळं इथलंच. तिकडे राजस्थानात तिथली माती वापरायची.

स्नेहा : आणि विंचू?

लताबाई : विंचवाला बी पत्ता विचारत यावं लागंल हितं. सगळ्या माळावर एक झाड नाय.

संजना : उंबरा उंच घेतलाय. जमीन चुन्याने घोटलीय, कुठे फट नाही.

स्नेहा : अगं बाई, बाटली गाडीतच राहिली. आई, याला धरा. मानेखाली हात ठेवा हं.

लताबाई : अगं आठ महिन्यांचा झाला त्यो, बसतोय आता! जा, आण बाटली.

संजना : गेली?

लताबाई : गेली. आता खरं सांग. एवढ्या उन्हात लेकराला कशाला आणायला लावलंस?

संजना : जैसलमेरच्या पुढच्या त्या गावात उद्या बैठक आहे, आई. माझी ही घरं बांधायची की ठेकेदाराची, सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रे, ते ठरणार. चार वर्षं घातलीत मी त्यात.

लताबाई : त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

संजना : तिथे सुगनी म्हणून एक बाई आहे. गावातल्या बायका तिचं ऐकतात. मी तिला तापमानाचे आकडे दाखवले. म्हणाली, आकडे राहू दे. तुझ्या घरातलं कुणी भर दुपारी यात झोपलंय का?

लताबाई : मग नातू झोपला की झालं.

संजना : मीही तेच म्हणाले, भाच्याला झोपवते. तर हसली. म्हणाली, रडून दमलेलं लेकरू कुठंही झोपतं. त्याची आई झोपली का, ते मला सांग.

लताबाई : ही? ही झोपतीय! बाळंत झाल्यापासून हिचा दुपारी डोळा लागलेला मी पाह्यला नाय. नाकाजवळ बोट धरून बसती त्याच्या.

संजना : म्हणून तर हिलाच बोलावलं.

लताबाई : सांगून टाक की झोपली म्हणून. त्या बाईला काय दिसतंय एवढ्या लांबून?

संजना : पुढच्या मे महिन्यात ती त्या घरात असेल, आई. तेव्हा दिसेलच. आणि स्नेहाला सांगू नकोस. कळलं तर झोप कसली येणार तिला?

स्नेहा : ही आणली बाटली. बाप रे, बाहेर डोळे उघडवत नाहीत. थांबा... चप्पल काढली तर पाय गार लागतायत. पण कोंदट होईल हं इथे. ती खिडकी उघडते जरा.

संजना : दिवसा नको, स्नेहा—

स्नेहा : आई गं! भट्टीचं तोंड उघडल्यासारखं! रडला बघा.

लताबाई : लाव, लाव आधी!

संजना : उकडलं की खिडकी उघडायची, ही आपली नाशिकची सवय. तिथे उलट. खिडकी रात्री सताड उघडी, दिवसा बंद. रात्रभर भिंत गार होते आणि दुपारभर तो गारवा आत पुरवते. दीड हात जाड आहे, ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

स्नेहा : मग जीव का नाही घुसमटत?

संजना : वर बघ, आढ्याजवळ तळहाताएवढी भोकं आहेत. गरम हवा तिथून निघून जाते. आणि कोपऱ्यातल्या त्या पाण्याच्या माठामागे खाली झरोका आहे, सावलीच्या बाजूला. तिथून येणारी हवा माठाला लागून येते.

स्नेहा : भिंत ओलसर नाही, नुसती गार. हे तुम्हाला सुचलं कसं, ताई?

संजना : बरंचसं तिथल्या जुन्या घरांत होतंच. मी पावसाचं बघितलं. तिथे पाऊस क्वचित, पण आला की भिंती खातो. म्हणून खाली दगड घेतला, छप्पर पुढे काढलं.

स्नेहा : आणि दरवर्षी लिंपायचं कुणी? बायकांनीच ना?

लताबाई : बरोब्बर विचारलंस! सायखेड्याचं आपलं मातीचं घर मी लिंपलंय, कंबर मोडस्तोवर. पक्कं घर झालं तवा कुठं पाव्हणे टेकायला लागले आमच्याकडं. आन ही एवढी शिकून पुन्हा मातीत शिरली. बाया विचारत्यात मला, लेकीला सिमेंट मिळंना का?

संजना : बाहेरून चुन्याचा गिलावा आहे, आई. दर साली नाही लिंपावं लागत. आणि जे लागेल त्यात पुरुषांनी हात घालायचा, ही अट सुगनीनेच घातलीय.

लताबाई : शहाणी हाय बाई.

स्नेहा : तुमचं सायखेड्याचं घर असंच गार होतं का हो, आई?

लताबाई : गार व्हतं. आन गळत बी व्हतं. रात्रभर पातेली मांडायची. हिनं गारवा तेवढा ठेवला आन गळणं काढून टाकलं. तेवढं मानलं.

संजना : आज पहिल्यांदा बरं म्हणालीस.

लताबाई : बरं नाय म्हणले. मानलं म्हणले.

स्नेहा : घाम थांबलाय याचा. झोपला बघा. कुशीवर वळवू का?

संजना : राहू दे. तूही टेक जरा भिंतीला.

स्नेहा : मी नाही झोपत. मुंगी-बिंगी आली तर? कुणीतरी जागं पाहिजे.

लताबाई : आम्ही हाय ना दोघी. का आम्ही बाहुल्या हाय?

स्नेहा : नुसती टेकते. ताई, कमाल आहे हो तुमची. पाठीला काय छान वाटतंय... तुमच्या भावाला दाखवायला पाहिजे हे. त्यांचं आपलं एकच, एसी घेऊ, एसी...

संजना : मग? घेताय का एसी?

स्नेहा : हं? ...तो माठ... याचा हात लागेल. सरकवा...

लताबाई : सरकवला.

संजना : स्नेहा, त्या वरच्या भोकांची पण एक गंमत आहे. आम्ही आधी... स्नेहा?

लताबाई : हळू. त्या सुगनीला फोन लावायचा ना? बाहेर जाऊन लाव.