माईंच्या दातांची बेचकी

हॅलो? … हॅलो, पुणं? … हो, हो, मीच, सुहासिनी. अंबरनाथहून बोलतेय, वन्सं. शेजारच्या श्रीपादरावांकडून… ऐकू येतंय ना?

माई? … सांगते. तेच सांगायला केलाय फोन… काय? तुमच्या सासऱ्यांसाठी हवी? … करतील की. तुमचे दादा एक काय, दहा बेचक्या करतील… अहो, ऐका ना आधी…

काय म्हणताहेत सासरे? … छे छे, पाखरं मारायची नव्हे! आकार तसा, म्हणून आपलं बेचकी म्हणतो. दोन पितळी शिंगं, मधे ताणलेला दोरा, खाली जाड मूठ. माईंचा उजवा हात लुळा पडला तेव्हापासून दातांत घास अडकून राहायचा. हिरड्या सुजल्या. आणि दुसऱ्याचं बोट तोंडात? उष्टं! पोटच्या लेकाचंसुद्धा नाही… हो, तुम्हाला ठाऊकच आहे त्यांचं. मग ह्यांनी कणकेचा गोळा त्यांच्या डाव्या मुठीत दिला. "दाब, माई." बोटांचे ठसे उठले, तशीच्या तशी शिसवाची मूठ कोरली, कारखान्यातनं आल्यावर… अगदी हातात बसली हो! पहिल्या दिवशी तर वाकड्या तोंडानं ओवी म्हणाल्या—

डाळिंबाचे दाणे, बाई, थोडे मुखात राहिले,
माझ्या बाळानं धुऊन, मोती करून पाहिले…

हो ना, चांगलं चाललं होतं. पण सुताचा दोरा सारखा तुटायचा. म्हणून हे पक्का दोरा आणायला उल्हासनगरला गेले, कॅम्पात. दुकानदार म्हणाला, "साब, ये नहीं टूटेगा." नाहीच तुटला. माई चार घास जास्त जेवायला लागल्या…

मग श्रीपादराव आले समाचाराला. बेचकी हातात घेतली नि हसत म्हणाले, "वा! ही तर रॅकेटची तात. मेंढीचं आतडं!" … माईंच्या समोरच… नाही हो, ह्यांना कुठलं ठाऊक? दोरा मागितला, त्यानं दोरा म्हणून दिला…

हळू, वन्सं… नको, श्रीपादरावांच्या हातात फोन देणार नाही मी. बाहेर ओट्यावर उभे आहेत, डोळे पुसत. त्यांच्या मनात कुठं वाईट होतं?

ओरडल्या? ओरडल्या असत्या तर बरं… बेचकी खाली ठेवली आणि ओठ मिटले. पाणी नाही, औषध नाही. मी म्हटलं, भटजींना विचारू, पंचगव्य आणू… नुसती मान हलवली. ह्यांनी पायांवर डोकं ठेवलं, तर डाव्या हातानं केस कुरवाळत राहिल्या. राग नव्हता हो… पण ओठ मिटले ते मिटलेच.

काल ह्यांनी माईंच्याच सोवळ्याचा पदर उसवला. रेशीम ते, त्याला कुठला विटाळ? तेच ताणून बसवलं, पुढे धरलं… माईंनी बघितलं ना. बोटानं दोरा हलकेच छेडून पाहिला, तंबोऱ्याच्या तारेसारखा…

तोंड? … हो. उघडलं… पहाटे. ह्यांनी पळीनं गंगा घातली… ओठाच्या कडेनं उशीवर आली. तेव्हा कळलं आम्हाला.

… वन्सं? … आहात ना? …

चालू आहे, ऑपरेटरबाई, आमचं चालू आहे! लाइन तोडू नका!

… रडा, वन्सं. रडून घ्या…

हे? … उशाशी बसलेत. रेशमाची ती बेचकी घेऊन… एकेक दात साफ करताहेत. जेवून उठल्यासारख्या जाऊ देत म्हणाले, चूळ भरून. तुळशीपत्र त्यानंतर… लोक? लोक कुजबुजताहेत दारात. कुजबुजोत. मी नाही अडवलं.

हो, तुम्ही येईपर्यंत थांबतो. मिळेल त्या गाडीनं या… वरचे दात झालेत. खालचे उरलेत अजून… हळूहळू करताहेत हो, फार हळू. ह्यांना उठवणार नाही कुणी… या तुम्ही… ठेवते हं.