बाटलीवरचा फोटो

भगवानराव : दम्यासाठी आणलतं आईला, सिस्टर. दम्यासाठी! आन आता डॉक्टर म्हणतात न्यूमोनिया. तुमच्यात एकावर एक फ्री हाय काय?

शिवकन्या : हळू बोला, साहेब. वॉर्ड हाय, सभा न्हाई.

भगवानराव : ऑक्सिजनच्या मशिनी मी दिल्यात या दवाखान्याला. विसरलात व्हय?

शिवकन्या : कसं विसरू? मशीनवर तुमी, पाण्याच्या बाटलीवर तुमी. पेशंट मान वळवंल तिकडं तुमी हात जोडून उभे.

वत्सलाबाई : मला तर... झोपंत बी ह्योच दिसतो.

भगवानराव : आई, तू बोलू नको, धाप लागंल. न्यूमोनिया आला कुठून ते सांगा.

शिवकन्या : बाटलीतून. ऑक्सिजन तिच्यातल्या पाण्यातून नाकात जातो. त्या पाण्यात जे जंतू घावले, तेच आजींच्या बेडक्यात. रिपोर्ट आला तशी त्यांना बिनफोटोची बाटली लावली. ही घ्या तुमची.

भगवानराव : शी! आत शेवाळ हाय की! धुवत कावून न्हाईत? हात झिजतात?

शिवकन्या : बाकीच्या धुतो की. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात. तुमची बुडवली, तर मिशीचा कोपरा सुटला. अंगदभाऊ म्हणले, साहेबांचा फोटो निघाला तर तुमची बदली गडचिरोलीला.

भगवानराव : अंगद येडा हाय.

शिवकन्या : तुमचा पीए हाय.

वत्सलाबाई : आन तू ऐकलंस, पोरी?

शिवकन्या : ऐकलं, आजी. लेकरं हितं शाळंत हायेत. भ्याले.

वत्सलाबाई : वाचंन का मी?

शिवकन्या : औषध बदललंय. लागू पडलं तर उठताल.

भगवानराव : पडलं *तर*? आगं मग मला एक फोन करायचा!

शिवकन्या : केलता की. पालीच्या धोंडीरामकाकांनी, याच खाटंवरून. बाटली लई घाण झाली, धुवायला सांगा म्हणून.

भगवानराव : हां... मी अंगदला बघायला सांगितलं. बरे हायेत ना ते?

शिवकन्या : असं काय करता, साहेब? तेराव्याला गेलतात की तुमी. आपली मशीन होती म्हणून काका तेवढे तरी जगले, असं भाषण बी केलंत.

(भगवानराव खुर्चीवर बसतात. नखानं स्टिकर खरवडू लागतात.)

वत्सलाबाई : जोर लाव, भगवान. तुझंच तोंड हाय म्हणून हळू खरवडू नको.