आतली झोळी

उद्या प्रोस्टेटचं ऑपरेशन, या धास्तीनं शिंपी हातातल्या केसपेपरची सारखी घडी घालत होता. दवाखान्यातल्या बाकावर त्याच्या शेजारी तेच ऑपरेशन होऊन गेलेला एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको बसले होते.

"अहो, त्या व्यायामवाल्या बाई काय म्हणाल्या?"

"हळू बोल गं. म्हणाल्या, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. लघवीची पिशवी तिच्यावर टेकलेली."

"पुरुषांनासुद्धा?"

"मलाही आजच कळलं. प्रोस्टेट काढल्यावर लघवी धरून ठेवायची सगळी भिस्त तिच्यावरच."

"मग ती आवळायची कशी?"

"चारचौघांत वारा अडवतो ना, तशी. श्वास रोखायचा नाही, ढुंगण आवळायचं नाही."

"एवढंच? मग तोंड का उतरलंय तुमचं?"

"अगं, मागे गाडीभर माणसं असतात. घाटात करकचून ब्रेक मारला आणि सीट ओली झाली तर?"

"तर कपडे बदलायचे."

"हसतील लोक."

"हसू देत. तुम्ही आत ऑपरेशनच्या टेबलावर होतात, तेव्हा मी इथे कशी बसले होते ते माझं मला ठाऊक."

ड्रायव्हरनं तिच्या हातातली औषधांची पिशवी स्वतःकडे घेतली.

"ऑपरेशनआधीच शिकायला हवं होतं, म्हणाल्या."

शिंपी चटकन उठला.

"दादा, त्या बाई कुठल्या खोलीत असतात?"

"शेवटच्या. का हो?"

"उद्या माझा नंबर आहे."

"मग आत्ताच जा. अजिबात घाबरू नका," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याचाच आवाज कापत होता.