मासे यायच्या आधी

...आणि वर मलाच म्हणतात, "आई, तुम्हाला काय कळतंय माशांमधलं?" नाही कळत बरं का, नाहीच कळत, पण तुम्हाला सांगते, ज्या घरात चहात साखर किती यावर चार माणसांचं एकमत होत नाही, त्या घराने काचेच्या टाकीत कोणी राहायचं हे ठरवायला बसूच नये. पण बसले. रोज संध्याकाळी बसले. मला काय, मी आपली बघणारी.

मुळात टाकी आली ती डॉक्टरांमुळे. माझा मुलगा वीज खात्याच्या तक्रारीच्या खिडकीत बसतो. दिवसभर लोक येऊन त्याच्यावर ओरडतात, तो त्यांना "बसा, बसा, बघतो" म्हणतो, आणि तिथे जे बोलता येत नाही ते घरी येऊन पंख्याला बोलतो. मग काय होणार, ब्लडप्रेशर चढलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी थोडा वेळ मासे बघत बसा, मन निवेल. मी म्हटलं, अरे, मी इतकी वर्षं या घरात हूं की चूं न करता बसलेय, माझ्याकडे बघ की. तर म्हणतो, "आई, तुझ्याकडे बघितलं की उलट वाढतं." घ्या. पोटचा मुलगा.

तर गेलो आम्ही दुकानात. दुकानदार पाठमोरा उभा, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि तशा अवस्थेत मागे न बघता एकेकाची ओळख करून देतोय... "हा शांत, पण शेपटीला कुणी शिवलेलं खपत नाही त्याला. ती तिकडची घोळक्यात रमते, एकटी ठेवलीत तर झुरते. हा देखणा, पण जोड नको, जोडीदाराला फाडतो." मी म्हटलं, "अहो, मासे दाखवताय की स्थळं?" तर तो गंभीरपणे म्हणाला, "आजी, सारखंच आहे. एकदा नेलं की परत घेत नाही."

आणि वर सांगितलं, मासे आज मिळायचे नाहीत. आधी टाकी न्या, पाणी भरा, पाला लावा आणि पाणी मुरू द्या. घाई केलीत तर मासे जगायचे नाहीत. पाणी मुरायला काही आठवडे लागतात म्हणे. आणि पाला लावायच्या आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून काढा, त्याला काय काय चिकटून येतं. आता हे पाल्याचं काम आलं माझ्याकडे. तुम्हीच सांगा, कोवळं हिरवं पान तुरटीत घातलं तर मान नाही टाकणार? मी आपली भाजी धुते तशी साध्या पाण्यातून दोनदा खळबळून काढला आणि दिला लावून.

मग सुरू झालं. मुलगा म्हणतो, एकच मोठा मासा आणू, मालकाला ओळखतो, हाताकडे येतो. म्हणजे त्याला घरात एक तरी माणूस असं हवं होतं जे तो आल्यावर तक्रार करणार नाही. माझी सून दाताच्या दवाखान्यात कामाला. तिथे बाहेर केशरी मासे ठेवलेत, तेच तिला हवेत, "आई, दाढ उपटायला आलेला माणूससुद्धा ते बघून गप्प बसतो हो." यावर मुलगा म्हणाला, "तो माशांमुळे नाही, आतल्या आवाजांमुळे गप्प बसतो." आणि नात कॉलेजात, तिला तो देखणा हवा, जोडीदाराला फाडणारा. "एकटाच राहतो, बाबा. कुणाचं ऐकून घेत नाही." तिची आई म्हणाली, "एक आहे की आपल्याकडे तसं." झालं, नात फणकारून आत. रोज हेच. मासा राहिला बाजूला, माणसंच एकमेकांच्या शेपट्या ओढतायत. मला कुणी विचारलं? ही तिघं सकाळी जी जातात ती दिवे लागल्यावर येतात. दिवसभर त्या टाकीसमोर कोण असणार? मी. सोबत कुणाला होणार? मला. पण नाही. मला काय, मी आपली बघणारी.

पण एक सांगू... त्या रिकाम्या पाण्याने मला वेड लावलं.

दुपारी घर असं गप्प होतं ना, की नळाचा थेंब पडला तरी आपल्याला कुणी हाक मारली असं वाटतं. तेव्हा मी टाकीचा दिवा लावायची आणि खुर्ची ओढून बसायची. पाणी सुरुवातीला दुधट झालं होतं, सून म्हणाली टाकून देऊ, मी म्हटलं थांब. माझी आई घागर भरून आणली की म्हणायची, हलवू नकोस, गाळाला त्याची वाट माहीत असते. आणि खरंच, एका दुपारी बघते तर ते निवळलेलं. हिरवा उजेड भिंतीवर डुलतोय, छतावर डुलतोय, माझ्या हातावर डुलतोय, आणि हळूहळू खोलीच पाण्याने भरत चाललीय... दारातल्या चपला तळ सोडून वर आल्या, मुलाचा दांडीवरचा सदरा बाह्या हलवत निघाला, घड्याळाची टिकटिक कुठे खोल गेली, आणि माझे गुडघे, हे रडके गुडघे, हलके झाले हो, पिसासारखे. मी आपली खुर्चीसकट तरंगतेय आणि आई पलीकडच्या काठावर घागर घेऊन उभी. घाईत नाही.

तेवढ्यात काचेवर काहीतरी हललं.

मसुराच्या डाळीएवढी गोगलगाय. पाल्याला चिकटून आलेली. दोन केसांएवढी शिंगं बाहेर काढून काच चाटत निघाली होती, जणू तिला या घरात कुठे जायचंय ते पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, ये बाई. तू न विचारता आलीस ते बरं केलंस, विचारलं असतंस तर अजून चर्चाच चालली असती.

मग रोजची आमची बैठक. ती काचेच्या त्या बाजूला, मी या. एक कोपरा ते दुसरा कोपरा जायला तिला माझी अख्खी दुपार लागायची, आणि मला तरी दुसरीकडे कुठे जायचं होतं? घरात कुणाला पत्ता नाही. फक्त संध्याकाळी कुणी माशाचं नाव काढलं की मी हळूच म्हणायची, "तो काय काय खातो?" मोठा मासा सगळं खातो. नको मग. केशरी? तेही चावून बघतात म्हणे. मी म्हटलं, केशरी रंगाने डोळे दुखतात. मुलगा संशयाने बघायला लागला. "आई, तुला मासे नकोतच का?" मी म्हटलं, मला काय, मी आपली बघणारी.

शेवटी नातीने पकडलं. पालथी पडून फोटो काढत होती पाल्याचा आणि ओरडली, "आजी, अंडी!" पानाखाली चिकट थेंब. दुकानदाराला फोन झाला. तो म्हणाला, एकटीच असली तरी घालते अंडी, तिला जोडी लागत नाही, महिनाभरात टाकी भरेल. ना नवरा, ना सासू, आणि संसार थाटला पठ्ठीने. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "गोगलगाय आणि पोटात पाय, ती हीच." मी तुरटीचं नाव काढलं नाही.

आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी या घरात न झालेली गोष्ट झाली. एकमत. दुकानदार म्हणाला, माझ्याकडे पट्टेवाले मासे आहेत, गोगलगायी शोधून शोधून खातात. केशरी आहेत म्हणून सून खूश, पुढे मोठे होतात म्हणून मुलगा खूश, तोऱ्यात असतात म्हणून नात खूश. इतके आठवडे जे जमलं नाही ते माझ्या बाईच्या जिवावर जमलं. रविवारी आणायचं ठरलं.

मी काय केलं? भांडण? छे. शनिवारी दुपारी काचेची बरणी घेतली, टाकीतलंच मुरलेलं पाणी, एक डहाळी, अंड्यांसकट पान आणि ती. माझ्या खोलीत खिडकीशी नेऊन ठेवली. ती बरणीच्या तळाशी जरा थांबली, मग लागली काच चाटायला.

रविवारी मासे आले. सोडले तसे दगडामागे शिरले ते बाहेरच येईनात. मुलगा अर्धा तास दगड बघत बसला. दुसऱ्या दिवशी एक मासा आडवा पडलेला दिसला. मुलगा पांढराफटक, "मेला, आई, मेला," फोन, धावपळ... दुकानदार म्हणाला, "साहेब, झोपलाय. ते झोपतातच तसे." तेव्हापासून हा दर थोड्या वेळाने जाऊन बघतो, मेला की झोपला, मेला की झोपला. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

मग एका संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसला. बरणीत आता लेकरं झाली होती, मोहरीएवढी. बघत राहिला. खांदे खाली आले त्याचे. मागून सून आली, "जरा सरका." मग नात. तिघंही माझ्या पलंगावर, एकमेकांना टेकून. पंख्यालासुद्धा कुणी काही बोललं नाही.

आता रोज तसंच. मला माझ्याच पलंगावर टेकायला जागा नाही. मग मी बाहेर येते आणि टाकीसमोर खुर्ची ओढते. नाही आवडत मला ते मासे, खुनशी आहेत मेले... पण आता आणलेत, तर कुणीतरी बघायला नको का?