झाडून काढलेलं जंगल

मले पीएचडीले आठ वर्षं काहून लागली, म्हणता? ऐका मग. माझा विषय श्लेष्मबुरशी, म्हणजे जंगलात सडक्या पाल्यावर पिवळी, चिकट पसरते ती. कुठं कोणती उगवते, याची यादी करायची होती. सिहोऱ्यापलीकडच्या जंगलात सहा जागा निवडल्या, लाल फिती बांधल्या आणि वनरक्षक मेश्रामभाऊंना सांगितलं, "सोमवारी नागपूरहून मोठे सर पाहायला येणार. या जागा सांभाळा."

भाऊंनी सांभाळल्या. सोमवारी पाहतो तर सहाही जागा अंगणासारख्या झाडलेल्या आणि भोवती चुन्याची फक्की! मंत्र्याच्या दौऱ्यातही एवढी सरळ रेघ पाहिली नव्हती.

"भाऊ, पाला कुठं गेला?"

"एक पान नाही ठेवलं, सर! साही जागचा कचरा चौकीमागच्या एकाच खड्ड्यात टाकला."

मोठे सर, म्हणजे माझे पीएचडीचे गाईड, तिकडं निघाले, तर भाऊ आडवे आले. "तिकडं नोका जाऊ, साहेब. पिवळं-पिवळं, चिकट काहीतरी पसरून राहिलं तिथं. लय घाण हाय!"

सरांनी शांतपणे चष्मा पुसला, चौकीतली अभिप्रायवही मागवली आणि लिहिलं, 'परिसर अत्यंत स्वच्छ.'